पस्तीसचे नऊ होतात तेव्हा

दिवाळीच्या आठवड्यात लोक चाकणहून निघतात, चाकणकडे कोणी जात नाही. कंपन्यांना कुलूप लागतं, भाड्याच्या खोल्यांना कुलूप लागतं आणि लातूर, बीड, जळगाव, रत्नागिरी अशा चारी दिशांना गाड्या भरून जातात. मी मात्र उलटा गेलो. दोन दिवस त्याच पट्ट्यात फिरलो. अंतर भरलं शंभर किलोमीटरच्या थोडं वर. एवढ्याशा फिरण्याचं कोणी प्रवासवर्णन लिहितं का, असं माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं. पण ज्यांनी हा भाग फक्त शिफ्ट सुटतानाच्या गर्दीत पाहिला आहे, त्यांना तो रिकामा कसा दिसतो हे सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

मी मूळचा परांड्याकडचा. भोसरीतल्या एका वखारीत खिळे ठोकण्यापासून सुरुवात केली, आज तळवड्यात माझी स्वतःची शेड आहे. मशिनचे सुटे भाग लांब पाठवायला लाकडी खोकी लागतात, ती आम्ही बनवतो. अकरा माणसं कामाला आहेत. आमचं निम्म्याहून जास्त काम चाकणच्या पुढच्या एका कंपनीचं. त्या कंपनीनं दसऱ्याआधी सगळ्या पुरवठादारांना कळवलं, की दिवाळीनंतर माल विजेच्या गाडीनंच आणायचा आणि दिवसाला किमान तीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. किती फेऱ्या देऊ शकता ते कंपनी उघडेल त्या दिवशी फॉर्मवर लिहून द्यायचं. तीन जमल्या नाहीत तर काम दुसऱ्याला. आणि काम गेलं तर गावी गेलेल्या अकरातल्या सहा जणांना मला फोन करून सांगावं लागणार होतं, की परत येऊ नका.

म्हणून दसऱ्याला विजेचा पिकअप घेतला. शोरूममधला ओंकार नावाचा सेल्समन म्हणाला होता, "काका, फास्ट चार्जरवर पाऊण तास. चहा घ्या, गाडी तयार." मी त्या पाऊण तासावर सगळा हिशोब मांडला आणि घोळ झाला. शेडमधल्या साध्या पॉइंटवर रात्रभर लावली की गाडी सकाळी भरलेली असायची, काही तक्रार नाही. पण फास्ट चार्जरवर नेली की दहा मिनिटांत मान टाकायची आणि अडीच-अडीच तास बसवून ठेवायची. शोरूमवाले म्हणायचे स्टेशनचा दोष, स्टेशनवाले म्हणायचे गाडीचा. एके दिवशी शोरूममध्ये मी असा काही ओरडलो, की गाडी बघायला आलेलं एक जोडपं चहा अर्धा टाकून निघून गेलं. ओंकारला कामावरून काढावं असा अर्जही लिहून ठेवला होता. तो द्यायचा तर पुरावा हवा, आणि फॉर्मवर आकडा लिहायचा तर खरं काय ते कळायला हवं. सुट्टीत रस्ते मोकळे, चार्जर मोकळे. गाडीत थोडी खोकी भरली आणि निघालो.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. चार्जरच्या पडद्यावर किलोवॅटचा एक आकडा दिसतो. ती नळाची धार समजा. आकडा मोठा तर धार मोठी. माझी गाडी जास्तीत जास्त पस्तीसची धार घेते. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पस्तीसचे नऊ व्हायचे.

लक्ष्मीपूजनाचा दिवस: तळवडे ते मोशी

सकाळी सातला शेडचं शटर ओढलं तेव्हा इंद्रायणीकडून धुकं आलं होतं. समोरच्या कंपनीचा भोंगा वाजला, रोज वाजतो तसा, पूर्ण अर्धा मिनिट. तो घड्याळावर लावलेला आहे, त्याला सुट्टी माहीत नाही. एरवी त्या भोंग्यावर तीनशे माणसं फाटकातून आत शिरतात. त्या दिवशी एकही नाही. वारा आला, फाटकावरचा आकाशकंदील फिरला, त्याची शेपटी हजेरीच्या मशिनसमोर हलली आणि मशिन बाईच्या आवाजात हिंदीतून म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी गाडी काढेपर्यंत ते चार वेळा म्हणालं.

विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. हळू चालवताना माणसांना कळावं म्हणून ती स्वतःच एक बारीक सूर काढते. गर्दीत तो ऐकूही येत नाही. रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून तो परत येत होता. कोणीतरी तोंड मिटून गुणगुणत बरोबर चाललं आहे असं वाटत राहिलं. मी रेडिओ लावला, मग बंद केला. रेडिओ चालू असताना तो सूर ऐकू येत नव्हता आणि तेच जास्त नकोसं वाटत होतं.

पहिला चार्जर आयटी पार्कच्या कडेला. गाडीत सत्तर टक्के होतं. गन लावली. पेट्रोल पंपावरच्या नळीसारखी जी जाड नळी असते तिला इथं सगळे गनच म्हणतात. आकडा पस्तीसवर गेला. मी वही काढली. आठ मिनिटांत आकडा घसरायला लागला, अठ्ठावीस, एकोणीस, अकरा. माझा पारा चढला. मदतीच्या नंबरवर फोन लावून मी ओरडायला लागलो, तर पलीकडे नुसतं संगीत वाजत होतं.

शेजारच्या टॅक्सीची काच खाली झाली. आत इरफान नावाचा उदगीरचा ड्रायव्हर होता, विमानतळाच्या भाड्याची वाट बघत आडवा झालेला.

"काका, कुणावर ओरडताय? तिकडं कोणी नाही."

"तुला काय करायचंय?"

"झोप मोडली म्हणून विचारलं. किती टक्के झालंय?"

"ब्याऐंशी."

"मग काढा की गन. ऐंशीच्या पुढं प्रत्येक गाडी अशीच करते. माझीपण."

"मी गाडी काय ऐंशी टक्के विकत घेतली का? शंभर घेतली, शंभर भरणार."

तो उठून बसला. "उदगीर-पुणे एसटी बघितलीत का कधी? रिकामी असते तेव्हा माणसं धाडधाड चढतात. मागची चार सीटं राहिली की एकेक जण वाकून बघतो, सरका हो, बाळाला मांडीवर घ्या हो. शेवटच्या चार माणसांना आधीच्या चाळिसाएवढा वेळ लागतो. बॅटरीचं तसंच. घाईनं कोंबलं तर दार तुटेल."

मला ते पटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. मालावर वरचं माप घेतल्याशिवाय मी कधी दुकान सोडलेलं नाही. प्रत्येक वेळी शंभर होईपर्यंत बसत होतो, हे अडीच तासांमधलं एक कारण निघालं. पण एकच. कारण मागं एकदा पन्नास टक्क्यांवरही आकडा पडला होता.

"ते मला माहीत नाही," इरफान म्हणाला, आणि नाक वर करून हुंगला. "कुठं पूजा चाललीय का? हळदीचा वास येतोय."

वास मलाही आला. गरम झालेल्या हळदीचा, कडेनं जळलेल्या तांदळासारखा. लक्ष्मीपूजनाचा दिवस, वास येणारच. पण आमच्या आजूबाजूला काचेच्या चार बंद इमारती आणि पार्किंगमधली एकच धूळ बसलेली स्कूटर होती.

आता गाडी आधी रिकामी करणं आलं. जन्मात पहिल्यांदा मी कुठं पोचायचं नाही म्हणून फिरलो. चिखली, कुदळवाडी, मोशी, पुन्हा चिखली. भंगाराची दुकानं बंद. रोज जिथं पत्रे कापण्याच्या आवाजानं कान बधिर होतात तिथं एका फाटकाची साखळी वाऱ्यानं वाजते, हे तीन गल्ल्या पलीकडून ऐकू येत होतं. कंपन्यांच्या दारांवरचे आकाशकंदील भर उन्हात पेटलेले होते, ते बंद करायला कोणी मागं राहिलं नव्हतं. कॅन्टीनचं उष्टं बंद झाल्यामुळं कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपली होती. गाडीचा आवाज त्यांना कळत नव्हता, मी हॉर्न वाजवला तरी ती नुसतं डोकं उचलायची आणि गाडीच्या वर, टपाच्या थोडं वर, कुठंतरी बघायची. तिथं काय आहे ते बघायला मी एकदा खाली उतरलो. काही नव्हतं.

आमच्या गावाकडे दिवाळीत आवाज असतो. फटाके, रेडे पळवणं, भावकीतली भांडणं. इथं मोजून दोन माणसं दिसली, दोघेही सिक्युरिटीवाले, दोघेही मोबाइलवर घरच्यांशी बोलत होते. एकही टपरी उघडी नव्हती. दुपारी सुनंदानं दिलेला चिवडा आणि करंज्या मी एका बंद कारखान्याच्या पायरीवर खाल्ल्या, आणि चिवडा चावण्याचा आवाज फार मोठा वाटला म्हणून पाण्यात भिजवल्यासारखा हळूहळू चघळला.

चार वाजता मोशीच्या चार्जरवर पोचलो तेव्हा गाडीत बत्तीस टक्के होतं. ऐंशीची सबब आता चालणार नव्हती. गन लावली. आकडा सतरावर जाऊन थांबला. पस्तीसचा जवळजवळ निम्मा. आणि पडद्यावर अक्षरं आली: दोन वाहने चार्ज होत आहेत.

मी वळून पाहिलं. शेजारची जागा रिकामी. तिची गन खुंटीला टांगलेली. रस्त्यावर दोन्हीकडं नजर पोचेल तिथवर एकही गाडी नव्हती. पडद्यावर मात्र दोन.

मी घाबरट नाही. वखारीत असताना मी एकटा राहिलेला आहे. पण ते वाचून मानेवर गार वाटलं. मग राग आला, कारण मला भीती वाटली की पाठोपाठ राग येतोच. चार्जरमागच्या भिंतीला वळसा घालून गेलो. मागं दुसरा चार्जर होता, आणि त्याला एक पांढरी व्हॅन लावलेली. तिच्या काचांना आतून पडदे होते. व्हॅनवर लिहिलं होतं: शववाहिका.

सावलीत एक म्हातारा भाकरी आणि ठेचा खात बसला होता. त्याचं नाव भगवान तात्या, मोशीचाच जुना माणूस, ती गाडी तोच चालवतो.

"तुमची गाडी माझी वीज खातेय," मी म्हणालो.

"व्हय. येकाच पेटीतनं दोन्हीकडं जातीया. येक आसंल तर सगळी, दोन आल्या तर निम्मी निम्मी."

"मग काढा. मला काम आहे."

"आन् मला न्हाई व्हय?"

"तुम्हाला किती वेळ लागेल? मी आधी घेतो, मग तुम्ही सावकाश घ्या. त्याबदल्यात चिवडा देतो, घरचा आहे."

तात्यांनी चिवड्याच्या डब्यात बघितलं. "करंजी न्हाई का?"

"दोन आहेत."

"द्या दोनी." त्यांनी उठून गन काढली. "घ्या तुमी आदी. आमच्या गिऱ्हाइकाला कदी घाई नसती."

मला हसू आलं. मग सहज विचारलं, "आत कोणी नाही ना?"

"दिवाळीचं रिकामंच ऱ्हावं राव," तात्या म्हणाले. याला हो म्हणायचं की नाही ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारवलंही नाही.

पुढं आलो. आकडा पस्तीस. म्हणजे वीज वाटली जाते, हे दुसरं कारण. दोन्ही कारणं साधी, आणि दोन्ही ओंकारनं सांगायला हवी होती. मी वहीत लिहीत होतो. तात्या करंजी खात माझ्या गाडीपाशी आले. सहाव्या मिनिटाला आकडा हलला. एकतीस. बावीस. चौदा. नऊ. गाडीत चाळीस टक्केसुद्धा झालेलं नव्हतं. मागची व्हॅन सुटलेली होती. पडद्यावर आता एकच वाहन होतं.

आणि तो वास आला. सकाळपेक्षा दाट.

तात्यांचा घास थांबला. "हळद जळतीया कुटं?"

"तुम्हालाही येतोय?"

"येतोय म्हंजी? चाळीस वरसं त्यो वास वळखतो मी. आमच्यात हळद लागती ती दोनदा, लग्नाला आन् शेवटी." त्यांनी माझ्या गाडीकडं पायापासून टपापर्यंत बघितलं. "कुटनं घेतली ही गाडी? कुणाची व्हती आदी?"

"नवी आहे. कोरी."

"न्हाई वाटत," तात्या म्हणाले. उरलेली करंजी त्यांनी परत माझ्या डब्यात ठेवली आणि व्हॅन घेऊन निघून गेले. घेतलेला पदार्थ माणूस परत देतो हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तिथं एकटा थांबलो नाही. चार्जिंग बंद केलं आणि घरी आलो. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला सुनंदानं हळदीकुंकवाचं ताट पुढं केलं आणि मी दचकून मागं सरकलो. "काय झालं?" ती म्हणाली. मी म्हणालो, ऊन लागलं.

पाडवा: चाकणच्या पुढे

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी परत आल्यावर ओवाळ म्हणालो. "गाडीलाच ओवाळून घ्या तुमच्या," असं म्हणून ती आत गेली. गाडी रात्री मुद्दाम चार्जिंगला लावली नव्हती. निघताना टोपली घेऊन आलेल्या झेंडूवालीशीही मी उगाच भांडलो, फुलं घ्यायची नव्हती तरी.

दिवस कमी उरले होते. भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी कंपनी उघडणार. नऊच्या आकड्यानं माझ्या दोनच फेऱ्या होत होत्या. दोन म्हणजे नाहीच. रस्ताभर मी सहा नावं मनात धरत होतो, कोणाला फोन करायचा, कोणाला नाही. चाकणचा चौक, जिथं एरवी अर्धा तास जातो, तो मी एका मिनिटात ओलांडला. सिग्नल लाल झाला म्हणून थांबलो. चारी बाजूंना कोणी नव्हतं. लाल, हिरवा, लाल. कोणीतरी बघत असावं तसा मी नियमानं थांबलो.

चौकापासून बऱ्याच पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, तयार गाड्या ठेवायचं एक मोठं यार्ड आहे. बाहेरच्या भिंतीला सगळ्यांसाठी एक चार्जर आहे. तारेच्या कुंपणापलीकडं गाड्या उभ्या होत्या. किती होत्या ते सांगता येणार नाही. पांढऱ्या, पांढऱ्या, मधेच करड्या, थेट डोंगरापर्यंत. नंबरप्लेट कशालाच नाही. सगळ्यांचं तोंड माझ्याकडं. काहींच्या नाकाजवळ हिरवा दिवा लागत होता, विझत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतका सावकाश. त्या एवढ्या गाड्यांमधून एक हॉर्न वाजला, अर्धवट, आणि थांबला. कोणता ते दिसलं नाही.

गन लावली. गाडीत तेवीस टक्के. पडद्यावर एकच वाहन. पस्तीस.

मी सातपर्यंत मिनिटं मोजली. एकोणतीस. अठरा. नऊ. आणि वास. आता नुसती हळद नव्हती, करपलेला भातही होता. घरात कोणी नसताना चुलीवर राहून गेलेला असावा तसा.

"पिकअपवाले."

आवाज वरून आला. बाईचा. मी मागं पाहिलं, कुंपणापलीकडं पाहिलं. नुसत्या गाड्या.

"पिकअपवाले, गनला हात लावू नका. लाल बटन दाबा. गाडीपासून लांब व्हा."

मी बटन दाबलं. दोन पावलं मागं सरकलो. मग खांबावर लावलेला कर्णा दिसला, आणि दोन रांगांमधून सायकलवर येणारी एक मुलगी. डोक्यावर हेल्मेट, हातात टॅब. गाड्या इतक्या पांढऱ्या की ती त्यांच्यातूनच निघाल्यासारखी दिसली.

तिचं नाव प्रज्ञा. संत तुकाराम नगरची, वडील कंपनीतून रिटायर झालेले. यार्डात उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या मरू नयेत म्हणून त्यांना थोडं थोडं चार्ज करत राहावं लागतं, ते तिचं काम. "आम्हाला धम्मचक्र दिनाला, दसऱ्याला सुट्टी लागते," ती म्हणाली, "म्हणून दिवाळीची ड्यूटी मी घेते. काका, तुमच्या गनचं टेंपरेचर माझ्याकडं लाल दाखवतंय. किती दिवस असं होतंय?"

"तुमचा चार्जरच बोगस आहे. तीन ठिकाणी हेच. सगळे मिळून—"

"तीन ठिकाणी तीन वेगळे चार्जर. गाडी एकच. मग कुणाचा दोष?"

गन निवेपर्यंत थांबून तिनं जाड हातमोजे चढवले, गन काढली, आणि टॉर्च लावून गाडीच्या सॉकेटमध्ये बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वळवली.

"काका, हे काय घातलंय इथं?"

मी वाकलो. सॉकेटला वर एक गोल असतो, लहान भोकांचा, आणि त्याखाली दोन मोठी भोकं. त्या दोन भोकांच्या आत तांबडं-पिवळं, करपून काळं पडलेलं काहीतरी चिकटलं होतं.

"रंग आहे का?"

मला सगळं आठवलं. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या कपाळाला कुंकू लावतात आणि तोंडात पुरणपोळी देतात. दसऱ्याला शेडमध्ये करवत, कंप्रेसर, खिळ्यांचं मशिन, सगळ्यांची पूजा झाली. जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनाला कुंकू लावायचो. या गाडीला इंजिनच नाही. माणसं ताट घेऊन गाडीभोवती फिरत राहिली: शेठ, लावायचं कुठं? मी म्हणालो, ती खाते कुठून? तिथं लावा. त्यांना धीर होईना म्हणून ताट घेऊन मीच लावलं. ओलं कुंकू, ओली हळद, वर अक्षता. खालच्या दोन भोकांना, कारण ती डोळ्यांसारखी दिसत होती.

"पूजा केली होती," मी म्हणालो.

प्रज्ञा हसली नाही. "वरची भोकं साध्या चार्जिंगची, म्हणून शेडमध्ये काही कळलं नाही. खालची दोन फास्टची. त्यात काही अडकलं की गन पूर्ण टेकत नाही. टेकत नाही तिथं तापतं. तापलं की चार्जर घाबरून धार कमी करतो. तुम्ही त्याला शिव्या घालताय, तो तुमची गाडी वाचवतोय."

दोन दिवस माझ्या मागं लागलेला वास माझ्याच पूजेचा होता. प्रत्येक ठिकाणी मीच ती पुन्हा पेटवत होतो. खुलासा झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला नाही वाटलं. ते दोन डोळे माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्यात कुंकू मी भरलं होतं.

तिनं कोरड्या ब्रशनं आणि कसल्याशा फवाऱ्यानं सगळं हळूहळू काढलं. शेवटी चिमट्यात एक दाणा आला, कोळशासारखा काळा. "तांदूळ," ती म्हणाली. "हे खरं सर्व्हिसवाल्यांचं काम आहे. शोरूम उघडलं की आधी दाखवा. तुम्ही परत कधी आत हात घालू नका, काही घालायचंही नाही."

"मग पूजा कुठं करायची?"

"बाहेर भरपूर जागा आहे की," ती म्हणाली. "एवढी मोठी गाडी आहे."

पुन्हा गन लावली. पस्तीस. आम्ही दोघं पडद्याकडं बघत उभे. दहा मिनिटं, पस्तीस. ती डब्यातली अंडाभुर्जी-पोळी खायला बसली, मला अर्धी दिली. वीस मिनिटं, पस्तीस. हवेत भुर्जीचाच वास होता. छत्तीस मिनिटांनी ऐंशी टक्के झालं, आकडा घसरायला लागला आणि या वेळी मी स्वतः गन काढली. कुंपणापलीकडं हिरवे दिवे लागत होते, विझत होते. प्रज्ञा सायकलवर बसली, दुसऱ्या रांगेत वळली आणि दिसेनाशी झाली. कर्ण्यातून एकदा खरखर आली, शब्द नाही.

तिथूनच ओंकारला फोन लावला.

"तुझी चूक नव्हती. सॉकेटमध्ये कुंकू होतं."

"काय होतं?"

"कुंकू. आणि तांदूळ."

पलीकडून दाबलेलं हसू आलं.

"हस. पण पाऊण तास तो ऐंशीपर्यंतचा, आणि शेजारी दुसरी गाडी नसेल तर, हे तू मला सांगितलं नव्हतंस. ते मी विसरणार नाही."

"सॉरी काका. आणि अर्जाचं?"

अर्जाबद्दल त्याला कोणी सांगितलं देव जाणे. "फाडतो," मी म्हणालो.

कंपनी उघडली तो दिवस

सकाळी शेडसमोरच्या फाटकातून माणसं आत शिरत होती, भोंगा त्यांच्यासाठीच वाजत होता, आणि मला तो आवाज थोडा अनोळखी वाटला. चाकणच्या पुढच्या त्या कंपनीत खरेदी बघणाऱ्या बाई वीस वर्षं मला ओळखतात. आमची रीत ठरलेली आहे. मी आकडा चढवून सांगतो, त्या तो उतरवतात, मी ओरडतो, त्या चहा मागवतात. टेबलावर बाकीच्यांचे फॉर्म होते. एकानं पाच लिहिले होते, एकानं सहा. मी उलटी अक्षरं वाचायला वखारीतच शिकलो आहे.

चार्जर रिकामा मिळाला तर माझ्या चार होतात. शेजारी दुसरी गाडी आली तर तीन. मी तीन लिहिलं.

बाईंनी फॉर्म बघितला, मग मला. "तीनच? बाकीच्यांनी सहापर्यंत लिहिलंय."

"त्यांना विचारा, ऐंशीच्या पुढं किती वेळ लागतो. आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर काय करणार, ते विचारा."

"विचारलं मी. कोणालाच सांगता आलं नाही." त्यांनी पेन उचललं. मी ओरडायच्या तयारीत राहिलो, सवयीनं. पण मी त्या आकड्यात काही चढवलेलं नव्हतं, आणि बाईंनीही त्यातून काही उतरवलं नाही. तीनवर बरोबरची खूण केली आणि फॉर्म वेगळा ठेवला.

बाहेर येऊन मी सहा जणांना फोन केले. पहिल्यानं उचलला तेव्हा मागं कुत्री, पोरं, बायका, सगळ्यांचा गोंधळ होता. तो म्हणाला, "शेठ, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला." मी मोठ्यानं म्हणालो, "निघ. पहिली फेरी उद्या सकाळी आठला आहे."